दोन पायोनियर, एक निवड: एसएक्स-७५० आणि एसएक्स-७८०

ठाण्यातल्या एका घरात पायोनियर या जपानी कंपनीचे दोन जुने स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत) होते. एसएक्स-७५० आखातातून आलेला, मागे व्होल्टेज निवडायची चकती असलेला. एसएक्स-७८० अमेरिकेतून सामानाबरोबर आलेला, फक्त १२० व्होल्टचा. दोन्ही कित्येक वर्षं कपाटावर पडून. दोन्हींवर खर्च करायची तयारी नव्हती, म्हणून प्रश्न एकच होता: दुरुस्त कोणता करायचा? घरच्यांचा कल ७८० कडे होता. तो नंतरचा, त्याला दोन वॅट-मीटर आहेत आणि कागदावर त्याची विकृती (मूळ आवाजात संचाने केलेली भेसळ) निम्मी आहे. शेवटी निवड ७५० ची झाली. ती का झाली आणि पुढे काय काय केलं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

कागदावरची तुलना

७५० हा १९७६ च्या मालिकेतला. त्याच मालिकेत ३५ वॅटचा ६५०, ६५ वॅटचा ८५० आणि वर १६० वॅटचा १२५० होता. ७८० हा १९७८ च्या मालिकेतला. ७५० ची शक्ती ८ ओहमवर दर चॅनेलला ५० वॅट, विकृती ०.१ टक्का. ७८० ची ४५ वॅट, विकृती ०.०५ टक्का. हे आकडे विश्वासाचे आहेत, कारण १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅट कसे मोजायचे आणि कसे छापायचे याचा नियम लागू केला. दोन्ही चॅनेल एकदम चालू, ठरलेल्या फ्रीक्वेन्सी पट्ट्यात, सलग मिळणारी शक्ती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डेकच्या खोक्यांवर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल शक्तीचे) जे हजारो वॅट छापलेले असत, त्यांचा या आकड्यांशी काहीही संबंध नाही.

५० आणि ४५ वॅटमधला फरक डेसिबलमध्ये काढला तर ०.४६ येतो. तो कानाला कळत नाही. आवाज जेमतेम एक पायरी मोठा वाटायलाही शक्ती दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल जास्त लागते. ०.१ आणि ०.०५ टक्के विकृतीतला फरकही स्पीकरच्या स्वतःच्या विकृतीखाली दबून जातो. म्हणून ऐकण्याच्या दृष्टीने दोन्ही संच बरोबरीचेच धरायला हवेत. खरा फरक झाकणाखाली आहे.

७५० चा पॉवर अॅम्प (स्पीकर चालवणारा भाग) सुट्या ट्रान्झिस्टरांचा आहे. ७८० मध्ये शेवटचा टप्पा सान्योच्या एसटीके-००५० या बंद मोड्यूलमध्ये आहे, प्रत्येक चॅनेलला एक. त्या काळात हे मोड्यूल सोयीचं होतं: जुळणी सोपी, जागा कमी, खर्च कमी. आज त्याचं उत्पादन बंद आहे. बाजारात जे मिळतं त्यात बनावट माल खूप आहे, मागची अॅल्युमिनियमची पाटी घासून नवा छापा मारलेला, आत लहान चिप बसवलेला. असा मोड्यूल टेबलावर चालतो आणि आवाज वाढवला की जातो. सुट्या ट्रान्झिस्टरांच्या संचात एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. मोड्यूलमधला एक ट्रान्झिस्टर गेला तर अख्खा मोड्यूल गेला. आमच्या मते जुना संच निवडताना वॅट, मीटर, लाकूड या सगळ्याआधी हाच मुद्दा पाहायला हवा.

पहिली तपासणी, वीज न देता

कोणताही संच इतक्या वर्षांनी थेट प्लगमध्ये घालायचा नाही. आधी झाकण काढून नुसतं पाहायचं. दोन्हींमध्ये धुळीचा थर होता, ७८० मध्ये झुरळांची अंडीही. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरून धूळ काढली. ब्लोअर मारला की धूळ स्विचच्या आत जाऊन बसते, म्हणून तो टाळला.

त्या काळच्या जपानी संचांत मोठे कपॅसिटर बोर्डावर धरून ठेवण्यासाठी पिवळसर गोंद लावलेला असतो. उष्णतेने तो तपकिरी, कडक होतो, थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या पायांना गंज चढवतो. हा गोंद लाकडी काडीने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो. ७५० मध्ये पॉवर सप्लायच्या बोर्डावर एका डायोडचा पाय या गोंदामुळे निम्मा खाल्ला गेला होता. पाहताना तो जागेवर दिसत होता, चिमट्याने हलवल्यावर तुटला.

त्यानंतर मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून आउटपुटची तपासणी. ७८० च्या प्रत्येक मोड्यूलवर आउटपुटच्या पिनपासून धन पुरवठ्याच्या पिनपर्यंत आणि ऋण पुरवठ्याच्या पिनपर्यंत, दोन्ही दिशांनी मोजलं. धड मोड्यूलमध्ये एका दिशेने डायोडसारखं वाचन येऊ शकतं, पण शॉर्ट कुठेच नसतो. डावीकडच्या मोड्यूलमध्ये आउटपुट ते धन पुरवठा दोन्ही दिशांनी शून्याजवळ. ७५० च्या चारही आउटपुट ट्रान्झिस्टरांत शॉर्ट नव्हता. निवड इथेच झाली.

हा दोष किती गंभीर आहे ते लक्षात घ्यायला हवं. या रिसीव्हरांत आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये कपॅसिटर नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पुरवठ्याचे ३५-४० व्होल्ट सरळ स्पीकरकडे जायला मोकळे. ८ ओहमच्या स्पीकरच्या गुंडाळीचा डीसी रोध साधारण ६ ओहम असतो. ३८ व्होल्ट धरले तर २४० वॅट उष्णता, आणि गुंडाळी काही सेकंदांत जळते. मध्ये फक्त प्रोटेक्शन रिले उभा असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा जो आवाज येतो तो याच रिलेचा. तो येत नसेल तर रिले बिघडलाय असं समजून त्याला बायपास करणारे मेकॅनिक आहेत. तसं कधीही करू नये. रिले लागत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा तो त्याचं काम चोख करतोय.

पहिल्यांदा वीज

डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचा आहे सिरीज बल्ब. २३० व्होल्टचा ६० ते १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब संचाच्या फेजच्या तारेत सिरीजमध्ये घ्यायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर जोरात पेटून मंद झाला तर ठीक: मोठे कपॅसिटर भरले आणि करंट उतरला. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. बल्बमुळे संचाला व्होल्टेज कमी मिळतं, त्यामुळे या अवस्थेत धड संचाचाही रिले कधी कधी लागत नाही. तेवढ्यावरून निदान करू नये.

७५० च्या मागची चकती २२० वर होती. ठाण्यातल्या त्या घरात सॉकेटवर २३८ व्होल्ट मोजले, म्हणून चकती २४० वर नेली. मागच्या पाटीवर दिलेल्या मूल्याचाच फ्यूज बसवायचा. आधीच्या कुणीतरी तिथे तारेचा तुकडा गुंडाळून ठेवला होता.

१२० व्होल्टच्या संचाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण अमेरिकेहून आलेले संच घरोघरी आहेत. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं नाही. संचाचा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बांधलेला आहे आणि आपली वीज ५० हर्ट्झची. गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या प्रमाणात असतं. ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट दिले तर ते २० टक्के वाढतं, ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. ११० व्होल्ट दिले तर वाढ १० टक्के राहते. १०० व्होल्टला मूळचीच स्थिती येते. म्हणून १२० पेक्षा ११० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन घ्यावा. त्याचे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) संचाच्या पाटीवरच्या वॅटपेक्षा दीडपट तरी असावेत. मागच्या सॉकेटमधून टर्नटेबल चालवायचा असेल तर आणखी एक अडचण: सिंक्रोनस मोटरचा ६० हर्ट्झचा टर्नटेबल इथे ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेतो. त्याला ५० हर्ट्झची पुली लागते.

७५० मध्ये नक्की काय बिघडलं होतं

तुटलेला डायोड बदलून बल्बवर चालवल्यावर संच वाजला, पण चार तक्रारी समोर आल्या. डावा चॅनेल मधूनच गायब होई आणि आवाज एकदम वाढवला की परत येई. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही डाव्या स्पीकरमध्ये तळणीतल्या मोहरीसारखी तडतड. एफएमवर आवाज मंद, दबलेला. आणि डायलचे बल्ब गेलेले.

चॅनेल गायब होऊन मोठ्या आवाजाला परत येणं हे रिलेच्या काळ्या पडलेल्या संपर्कांचं लक्षण. संपर्कांवरच्या थरातून कमी सिग्नल जात नाही, मोठा सिग्नल थर फोडून जातो. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांमधून ओढली की काही महिने निभतं. पॉलिश पेपर लावू नये, त्याने चांदीचा मुलामा जातो आणि रिले कायमचा निकामी होतो. इथे रिलेच बदलला: कॉइलवर छापलेल्या व्होल्टेजचाच, दोन संपर्कजोड्यांचा, किमान ५ अँपिअरचा. कॉइलचा रोधही जुन्याच्या जवळपास हवा, नाहीतर त्याला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर भार पडतो.

स्पीकर ए-बीचा स्विच, टेप मॉनिटर आणि मोनो-स्टिरिओ स्विच यांचीही तीच कथा. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत चांदीचे संपर्क लवकर काळवंडतात. प्लास्टिकला न खाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पुरेसा असतो. नळीने थेट आत, अगदी थोडा, आणि स्विच वीस-तीस वेळा हलवायचा. व्हॉल्यूमसारख्या कार्बन पट्टीच्या पॉटसाठी (फिरवायच्या रेझिस्टरसाठी) पॉटचाच क्लीनर घ्यावा. बिजागऱ्या सुट्या करायचं तेल पॉटमध्ये मारलं की खरखर आठवडाभर थांबते. मग धूळ त्या तेलात बसते आणि पॉट काढूनच टाकावा लागतो.

तडतड मात्र स्विचची नव्हती. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ती येत असल्यामुळे दोष व्हॉल्यूमच्या पुढे, पॉवर अॅम्पमध्ये असणार. फ्रीझर स्प्रेचा बारीक फवारा एकेका ट्रान्झिस्टरवर मारून पाहिला. इनपुटच्या जोडीतल्या एकावर पडताच तडतड थांबली आणि गरम होताच परत आली. तो २एसए७२६ होता. पायोनियरने सत्तरच्या दशकात हा ट्रान्झिस्टर सर्रास वापरला आणि वयानुसार आवाज करण्यासाठी तो बदनाम आहे. त्याच्या जागी केएसए९९२ बसतो. पायांचा क्रमही तोच, म्हणून पाय वाकवावे लागत नाहीत. एक बिघडला तरी दोन्ही चॅनेलमधले सगळेच बदलावेत. बाकीचे त्याच वयाचे आहेत.

जोडी लावताना काळजी घ्यावी लागते. हे दोन ट्रान्झिस्टर एकसारखे नसतील तर आउटपुटला डीसी येतो. दहा-पंधरा नग घेऊन टेस्टरवर गेन (करंट किती पट वाढतो ते) मोजायचा आणि पाच टक्क्यांच्या आतले दोन एकत्र ठेवायचे. बोटाच्या उबेनेही वाचन वर जातं, म्हणून चिमट्याने धरून, एक मिनिट थांबून वाचायचं. बसवल्यावर दोघांची सपाट बाजू एकमेकांना चिकटवली की दोघांचं तापमान सारखं राहतं.

कपॅसिटर

जुने कपॅसिटर सगळे एकदम उपटायचे नाहीत. एक बोर्ड पूर्ण करायचा, बल्बवर चालवून पाहायचा, मग पुढचा. चूक झालीच तर ती शेवटच्या बोर्डातच शोधावी लागते. क्रम असा ठेवला: पॉवर सप्लाय, प्रोटेक्शन, पॉवर अॅम्प, टोन आणि फोनो (रेकॉर्ड प्लेयरचा भाग). ट्यूनरला हात सर्वात शेवटी, तोही फक्त त्याच्या पुरवठ्याच्या आणि ऑडिओच्या कपॅसिटरपुरता. ट्यूनरमधल्या रंगीत कोअर असलेल्या कॉइल फिरवायच्या नाहीत. सिग्नल जनरेटरशिवाय त्या परत जागेवर येत नाहीत.

काम सुरू करण्याआधी मोठे फिल्टर कपॅसिटर रिकामे करायचे. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना लावून दोन्ही टोकांवर पाच-सहा सेकंद धरायचा आणि मग मल्टिमीटरने खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट केला की ठिणगी पडते आणि कपॅसिटरची आतली जोडणीही दुखावते.

बदली माल १०५ अंशांचा घ्यावा. व्होल्टेज मूळइतकं किंवा एक पायरी वर, मायक्रोफॅरड तेवढेच. ५० वॅट ८ ओहमवर म्हणजे २० व्होल्ट आरएमएस, शिखराला २८ व्होल्ट. त्यामुळे पुरवठा ४० व्होल्टच्या आसपास असतो आणि मोठ्या फिल्टरला ५० व्होल्टपेक्षा कमीचा कपॅसिटर चालणार नाही. फिल्टरची क्षमता वाढवून बास वाढतो हा समज आहे. वीस टक्के जास्त चालेल. दुप्पट केली तर चालू करतानाचा झटका रेक्टिफायर आणि पॉवर स्विचवर बसतो. सिग्नलच्या वाटेवरचे १ ते २.२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर फिल्मचे लावले. ते पुन्हा बदलावे लागत नाहीत.

खरेदीबद्दल: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. रेझिस्टर, स्विच, तारा, बल्ब तिथे बिनधास्त घ्यावेत. ट्रान्झिस्टर आणि मोठे कपॅसिटर मात्र अधिकृत वितरकाकडूनच मागवावेत. महागड्या छाप्याचा कपॅसिटर हातात हलका लागला तर तो घेऊ नये. असे काही नग उघडले तर आत दुसराच छोटा कपॅसिटर निघतो.

बोर्ड जुने फिनॉलिकचे आहेत. ३५० अंशांचा सोल्डरिंग आयर्न, दोन-तीन सेकंद, लगेच सोल्डर ओढून घ्यायचं. जास्त वेळ धरलं की तांब्याची पट्टी उचलली जाते. बऱ्याच तारा खुंट्यांवर गुंडाळलेल्या आहेत, सोल्डर केलेल्या नाहीत. बोर्ड दोन-तीनदा उलटला की त्या तुटतात. प्रत्येक खुंटीचा फोटो आधीच काढून ठेवावा. पॉवर स्विचवरचा चिमुकला कपॅसिटर विसरू नये. तो सतत विजेच्या दाबाखाली असतो, तिथे एक्स-२ (थेट मेन्सच्या विजेवर लावायच्या) वर्गाचाच हवा. छोटे फ्यूजिबल (जास्त करंटला फ्यूजसारखे तुटणारे) रेझिस्टरही मोजून घ्यावेत. त्यांचा रोध वयाने वाढतो आणि एक चॅनेल कारण नसताना मंद वाटतो.

मोजमाप आणि जुळणी

संच पूर्ण आवाजावर न नेता, स्पीकर न लावता, झाकण ठेवून वीस मिनिटं गरम केला. आधी डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुटला राहणारं डीसी व्होल्टेज: स्पीकरच्या टर्मिनलवर मिलिव्होल्टमध्ये. ५० च्या आत चालतो, २० च्या आत उत्तम. १०० च्या वर असेल तर स्पीकर लावूच नये. जुन्या ट्रान्झिस्टरांवर डावीकडे ७० च्या पुढे जात होता. नव्या जोडीवर दोन्हीकडे १५ च्या आत आला.

मग बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा थोडासा करंट. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मोजायचं. मूल्य सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचं, हिशोब मात्र ओहमच्या नियमाचा: ०.४७ ओहमवर ३० मिलिअँपिअर हवे असतील तर १४.१ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. जुन्या ट्रिमरची (बायस ठरवणाऱ्या छोट्या पॉटची) पट्टी फिरवताना सुटली तर बायस एकदम वर जाऊन आउटपुट जळतात, म्हणून ट्रिमर आधीच नवे, बंद प्रकारचे बसवले आणि पहिल्यांदा चालू करताना किमान बायसवर ठेवले. कमी बायसला हळू आवाजात गाणं खरखरीत वाटतं. जास्त बायसला हीटसिंक तापतो.

एफएमचा दबका आवाज बिघाड नव्हता. अमेरिकेत डी-एम्फसिस (केंद्राने वाढवून पाठवलेले वरचे सूर रिसीव्हरमध्ये परत उतरवणं) ७५ मायक्रोसेकंद आहे, आपल्याकडे ५०. ७५ वर ठेवलेला संच १० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून जास्त खाली जातो, म्हणून झांजा आणि टाळांची धार बोथट होते. आखाती बाजारासाठीच्या काही संचांत यासाठी स्विच असतो. नसेल तर स्टिरिओ डीकोडरच्या आउटपुटला असलेले दोन कपॅसिटर दोन-तृतीयांश मूल्याचे करायचे, दोन्ही चॅनेलला एकाच मोजमापाचे. खास जपानी बाजारातला संच असेल तर प्रश्न वेगळाच: त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपल्या बहुतेक केंद्रांपर्यंत तो पोचतच नाही.

डायलचे बल्ब फ्यूजच्या आकाराचे असतात. एलईडी लावायचे असतील तर आधी होल्डरवर एसी व्होल्टेज मोजावं, आणि आत रेक्टिफायर असलेलेच, पिवळसर छटेचे घ्यावेत. नुसते एलईडी एसीवर लुकलुकतात आणि डायल निळसर, परका दिसतो.

शेवटची चाचणी स्पीकरऐवजी ८ ओहमच्या मोठ्या वायरवाउंड रेझिस्टरांवर. त्यावर १० वॅट म्हणजे ९ व्होल्ट आरएमएस. अर्धा तास दोन्ही चॅनेल एकदम. हीटसिंक हात ठेवता येईल इतपतच तापला, ऑफसेट हलला नाही. मग जुने, गेले तरी चालतील असे स्पीकर, आणि त्यानंतर घरचे.

७८० चं काय करायचं, तेही ठरलं. दोन्ही मोड्यूल काढले. उजवीकडचा धड मोड्यूल पिशवीत घालून, खूण करून संचातच ठेवला. कुणी मोड्यूलच्या जागी डार्लिंग्टन (एकात दोन जोडलेल्या) ट्रान्झिस्टरांचा टप्पा बांधून देतो म्हणाला तर एकच प्रश्न विचारायचा: बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला कसा टेकवणार? तो टेकलेला नसेल तर गरम झाल्यावर करंट वाढत जातो आणि नवा टप्पाही जातो. खात्रीचा एसटीके-००५० चालू संचातून काढलेला मिळाला तर घ्यावा, आणि पैसे देण्याआधी वर दिलेली डायोड मोडची तपासणी विकणाऱ्यासमोरच करावी.